उणे सोळा तास

सोमवार, ३

वही नवी, सवय जुनी. एकतीस वर्षं वॉर्डात प्रत्येक पाळी संपताना नोंद लिहिली. लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही, हे किती नव्या मुलींच्या डोक्यात मी घातलं असेल त्याची गणती नाही. निवृत्त होऊन आठ महिने झाले. आज पुन्हा नोंद करण्यासारखं काही घडलं. मला नोकरी लागली.

नोकरी कसली, तर अडाणी असण्याची. जाहिरातच तशी होती: ‘कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगचा गंधही नसलेल्या, कोणत्याही वयाच्या व्यक्ती हव्यात.’ आमचे हे चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुझी पात्रता पैकीच्या पैकी आहे, लगेच जा." मी गेले.

कंपनी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं एक साधन बनवते. स्क्रीनवर एक खार असते. ती गोष्ट सांगते, प्रश्न घालते आणि आपण कॉम्प्युटरला एकेक सूचना लिहून तो सोडवायचा. बरोबर आलं की वरून अक्रोड पडतात. चुकलं की खार शेपटी हलवते आणि म्हणते, "अगंबाई, थोडक्यात हुकलं! पुन्हा एकदा?" शिवाय मिळालेल्यातला एक अक्रोड परत घेते. साधन सगळीकडे विकण्याआधी काही शाळांना चाचणीसाठी दिलं आहे. आणि माझ्यासारख्यांना एका खोलीत बसवून आपण कुठे अडतो ते बघतात. आठवड्यातून चार सकाळी.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. ठकीची शाळा त्या चाचणीत आहे. ठकी म्हणजे आमची नात, सहावीत. आमची लेक माझ्याच जुन्या हॉस्पिटलात नर्स आहे, जावई परगावी, आणि लेकीची रात्रपाळी असली की ठकी झोपायला आमच्याकडे. सध्या सलग रात्रपाळीच आहे. महिनाअखेर वर्गातली आठ मुलं संगणक गटात घेणार, तीही अक्रोड मोजून. "आजी, मला त्या गटात जायचंच आहे," हे दिवसातून दहादा ऐकते. ती काय बोलते ते मला कळावं, म्हणून हा सगळा खटाटोप.

सही करायला एक कागद दिला. धड्यांतल्या मजकुराबद्दल हे साधन वापरणाऱ्या कोणाशीही बोलायचं नाही. मी दोनदा वाचून सही केली. घरी येताच ठकीला समोर बसवून सांगितलं, "आजपासून तुझ्या धड्यांबद्दल मला काही विचारायचं नाही, सांगायचं नाही. त्या खारीचं नावसुद्धा माझ्यासमोर काढायचं नाही."

"मग गंमत काय राहिली?" ती म्हणाली.

"सही म्हणजे सही."

बुधवार, ५

खोली लहान, भिंती पांढऱ्या, एक टेबल, एक कॅमेरा. शेजारी एक चष्मेवाली मुलगी चिठ्ठ्यांची गड्डी घेऊन बसते. पंचविशीची असेल. मी काम करताना मनात येईल ते मोठ्याने बोलायचं आणि तिने ते टिपून घ्यायचं. मदत करायची तिला बंदी आहे.

मी विचारलं, "हे बटण दाबू का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं म्हणून तर विचारते आहे. दाबू?"

"दाबल्यावर काय होईल, तुम्हाला काय वाटतं?"

दोन तासांत हे वाक्य मी सतरा वेळा ऐकलं. शेवटी विचारलं, "बाथरूम कुठे आहे? आणि मला काय वाटतं ते विचारू नकोस." तेव्हा कुठे हसली, आणि लगेच कॅमेऱ्याकडे बघून गप्प झाली.

वॉर्डात एखाद्या पेशंटने विचारलं असतं, सिस्टर, ही गोळी जेवणाआधी की नंतर, आणि मी म्हटलं असतं, तुम्हाला काय वाटतं, तर मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

सोमवार, १०

अकरावा धडा झाला. लिहायला जरा लाज वाटते, पण मजा येते आहे. ‘जर असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर.’ अहो, आयुष्यभर मी दुसरं काय केलं? ताप एवढ्याच्या वर गेला तर डॉक्टरांना बोलवा, नाहीतर दर चार तासांनी नोंद घ्या. फरक इतकाच की कॉम्प्युटर नव्या नर्सपेक्षाही वाईट. जे सांगितलं नाही ते तो करणारच नाही, आणि जे चुकीचं सांगितलं ते डोळे मिटून करेल. म्हणजे सांगणाऱ्याची जबाबदारी. हे मला पटतं.

रात्री लेक ड्यूटीला निघाली तेव्हा ठकी नेहमीसारखी बोटांवर मोजत होती. दहाला लागणार, सहाला सुटणार, आठ तास. चार वर्षांची असल्यापासून मोजते. पूर्वी स्वतःची बोटं मोजताना गोंधळायची, मग आजोबांची घ्यायची. मोजून झालं की झोपते.

गुरुवार, १३

धडा चौदा. खारीची मावशी दुकानात काम करते. ती किती वाजता कामाला लागली आणि किती वाजता सुटली, असे दोन आकडे मिळतील, शून्य ते तेवीसमधले. किती तास काम झालं ते सांगणारा प्रोग्रॅम लिहा. खार तो पाच वेगवेगळ्या वेळा घालून तपासणार. कुठल्या वेळा, ते दाखवत नाही.

मला वाटलं, हा तर माझ्या घरचाच प्रश्न. एकतीस वर्षं ड्यूटीचे तक्ते मी लावले. झटकन लिहिलं: सुटायची वेळ लागायच्या वेळेपेक्षा लहान असेल तर तिच्यात चोवीस मिळव, मग वजाबाकी कर. नाहीतर सरळ वजाबाकी कर.

"अगंबाई, थोडक्यात हुकलं! पाचपैकी चार!"

पुन्हा वाचलं. पुन्हा लिहिलं. पाचपैकी चार. सात वेळा केलं, सातही वेळा पाचपैकी चार. चष्मेवालीला विचारलं, "कुठलं एक चुकतंय तेवढं तरी सांग." तिने काय उत्तर दिलं ते लिहायची गरज नाही.

शुक्रवार, १४

ठकीचं काहीतरी बिनसलं आहे. दुपारी शाळेतून आली ती दप्तर आपटूनच. "आजी, समज एखाद्याचं बरोबर असेल आणि तरी…" असं काहीतरी सुरू केलं. मी विचारलं, "हे खारीचं आहे का?" मान खाली घातली. मी म्हटलं, "मग नको. आपलं ठरलं आहे." खिडकीत जाऊन बसली.

बहुतेक शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीशी भांडण. त्या वयात असतं.

सोमवार, १७

एकोणतीस वेळा. पाचपैकी चार.

आता माझी मला शंका यायला लागली आहे. त्रेसष्ट वर्षांचं डोकं, कुठेतरी गंजलं असेल. रविवारी आख्खा दिवस कागदावर आकडे घालून बघितले. नऊ ते पाच, सकाळी सात ते तीन, दुपारी दोन ते दहा, रात्री दहा ते सहा. एकूण एक बरोबर. हे म्हणाले, "जेवणाच्या ताटावर गणितं करू नकोस, अन्न रागावतं." मला हसूही आलं नाही. सगळ्यांत राग त्या खारीच्या गोडव्याचा येतो. चुकलं तर चुकलं म्हणा, कुठे ते दाखवा, वाटल्यास ओरडा. मीही ओरडायचे. पण कुठे चुकलं ते न सांगता नुसती शेपटी हलवायची आणि वर हसत अक्रोड काढून घ्यायचा, ही कुठली शिकवण्याची रीत?

मंगळवार, १८

आज चष्मेवाली पाणी आणायला उठली आणि चिठ्ठ्यांची गड्डी टेबलावर राहिली. दुसऱ्याच्या नोंदी वाचू नयेत हे मला कळतं. पण त्या माझ्याबद्दल होत्या. वाचल्या.

‘वयस्क वापरकर्ती. साधा प्रश्न अवघड करून घेते. नको असलेली अट घालते. सूचना नीट वाचत नाही. गोंधळलेली.’

तळपायाची आग मस्तकात गेली. मी गोंधळलेली? एका रात्रीत चाळीस पेशंट, दोन नर्सा आणि वीज गेलेली, तेव्हा मी गोंधळले नाही. सूचना वाचत नाही? औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा मी तीनदा वाचते.

खाली शाई बदलून एक ओळ होती: ‘की तिचं बरोबर आहे?’ आणि ती खोडलेली होती. खोडलेल्या नोंदीचा मी काय उपयोग करणार?

ती परत आली तेव्हा गड्डी हलल्याचं तिला कळलं असावं. ती गड्डी मांडीवर घेऊन बसली.

गुरुवार, २०

ठकीच्या शाळेच्या वहीत वर्गशिक्षिकेचा शेरा आला. ‘एकाच धड्यावर वारंवार चुका. अक्रोड सातत्याने घटत आहेत. गटाची यादी २८ तारखेला लागेल. घरी लक्ष द्यावे.’ लेकीने रात्रपाळीवरून येऊन, डोळे उघडे ठेवायची मारामार असताना तो वाचला आणि वही माझ्याकडे दिली. "आई, तूच बघ गं. तुला येतं ना ते आता."

बघ काय! माझी सही आहे. लेकीला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि बसल्या जागी झोपली.

संध्याकाळी ठकी म्हणाली, "मला नकोच आहे तो गट. मला ते जमत नाही. माझं डोकं तसलं नाहीये." इतक्या शांतपणे म्हणाली की मलाच कसंतरी झालं. मी म्हटलं, "असं बोलू नये, कष्ट केले की सगळं जमतं." तिने वही मिटून दप्तरात टाकली.

हे मागाहून म्हणाले, "अगं, पोरगी आठवडाभर तुला काहीतरी सांगू बघते आहे."

"मग कागदावर सही तुम्ही करायची होती," मी म्हटलं. माझंही घोडं चौदाव्या धड्यावरच अडलेलं. मला काय सुचणार?

सोमवार, २४

सापडलं. आजची नोंद पूर्ण लिहिणार.

पेशंटच्या अंगावर पुरळ उठलं आणि औषधं पाच चालू असली तर काय करतात? एकेक बंद करून बघतात. आज मी तेच केलं. बावन्न प्रयत्न झाले होते. म्हटलं, आपल्या सूचनांतली एकेक काढून बघू. पहिल्यांदा ती ‘जर’ची ओळच काढली, चोवीस मिळवायची. नुसती वजाबाकी ठेवली.

अक्रोडांचा पाऊस. खार नाचायला लागली. "शाब्बास! पाचपैकी पाच!"

मग त्याच प्रोग्रॅमला माझे आकडे घातले. लागली दहाला, म्हणजे बावीस. सुटली सहाला. उत्तर आलं उणे सोळा.

उणे सोळा तास! बाई रात्रभर उभी राहिली आणि कंपनीच्या हिशोबाने तीच उलट सोळा तास देणं लागते. आणि यावर अक्रोड!

मी चष्मेवालीकडे खुर्ची वळवली. म्हटलं, "मुली, त्या पाचातली एक वेळ रात्रपाळीची आहे. तुमच्याकडे तिचं उत्तर चुकीचं लिहून ठेवलंय. म्हणून माझं बरोबर उत्तर चूक ठरतं. हो की नाही?"

"तुम्हाला…" तिने सुरुवात केली.

"नाही. मला काय वाटतं ते मी बावन्न वेळा सांगितलं. आता तू सांग. रात्री दहाला कामाला लागलेली बाई सकाळी सहाला सुटली. किती तास?"

ती कॅमेऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आठ."

एवढंच. पण तिने पेन खाली ठेवलं होतं. मग एका दमात तिने सांगून टाकलं. तपासणीचे आकडे कुणी माणसाने बसून निवडलेले नाहीत, यंत्राने आपल्या मनाने घेतले, बावीस आणि सहाही त्यातच आले. उत्तरं नुसत्या वजाबाकीने काढली. ती कुणी डोळ्यांखालून घातली नाहीत. "मी दोनदा सांगितलं वर," ती म्हणाली. "वरून म्हणाले, वापरणारे गोंधळतात, तेवढं टिपा."

उद्या साहेबांना भेटणार.

मंगळवार, २५

साहेब सतत हसतात. काहीही बोला, हसतात.

"या मावशी, बसा," म्हणाले. मी म्हटलं, "मावशी नव्हे, सिस्टर. बावीस आणि सहाचं उत्तर तुमच्याकडे उणे सोळा आहे. ते आठ करा."

आधी म्हणाले, लहान मुलांसाठी आहे हो, रात्रपाळी कशाला आणता मध्ये? मी म्हटलं, मी नाही आणली, तुमच्या आकड्यांत आहे. मग म्हणाले, बघू पुढच्या आवृत्तीत. मी विचारलं, आणि आता ज्या शाळांत चाललंय तिथे? हसले. "अहो, बहुतेक मुलं एका झटक्यात पास होतात तो धडा. वजाबाकी करतात आणि पुढे जातात."

"आणि जी होत नाहीत?"

"ती थोडी कच्ची असतात. कुठल्याही वर्गात चार-पाच असतातच. त्यासाठी तर साधन आहे, कच्ची मुलं ओळखायला."

त्या क्षणी मला ठकी दिसली. खिडकीतली. दहाला लागणार, सहाला सुटणार, बोटांवर मोजणारी.

घरी कशी आले ते आठवत नाही. ठकी टेबलाशी बसली होती. म्हटलं, "ठके, तू कुठल्या धड्यावर अडली आहेस?"

"तुझी सही आहे ना?" ती म्हणाली. टोमणा नव्हता. मला आठवण करून देत होती.

"सही गेली चुलीत. चौदा ना?"

तिने मान हलवली. कागद पुढे केला, म्हटलं, तू जे लिहिलंस ते इथे लिही. तिने लिहिलं. सुटायची वेळ लहान असेल तर चोवीस मिळव. अक्षर न अक्षर माझं. खाली तिने स्वतःहून आकडा टाकला: एक्केचाळीस वेळा.

बारा दिवस एका छताखाली, एका टेबलावर, आम्ही दोघी एकाच बरोबर उत्तराबद्दल शिक्षा भोगत होतो, आणि मी तिला तोंड उघडू दिलं नाही. साहेबांना बोलणं सोपं आहे. पेशंट काही सांगू बघत असेल तर हातातलं काम टाकून ऐका, हे मी एकतीस वर्षं मुलींना बजावलं. माझ्याच घरात मी कागद मोठा मानला. याची नोंद इथे करते, आणि खोडणार नाही.

तिला म्हटलं, "तुझं बरोबर आहे. पहिल्या वेळेपासून बरोबर होतं. चूक त्यांची आहे, आणि मी ऐकलं नाही ती चूक माझी."

ती रडेल असं वाटलं होतं. ती चिडली. चांगली लालबुंद झाली. "मग माझे अक्रोड?" म्हणाली. मला फार बरं वाटलं.

गुरुवार, २७

शाळेत गेले. सहीचा कागद पर्समध्ये नेला होता, कोणी विचारलंच तर दाखवायला की हो, मोडते आहे.

वर्गशिक्षिका वाईट बाई नाही, कामाने वाकलेली आहे. समोर वह्यांचा ढीग. "आजी, मला कळतं तुमचं," म्हणाली, "पण स्क्रीन चूक दाखवतंय, मी काय करू? माझा विषय भाषा आहे. हे माझ्या गळ्यात मारलंय."

मी वाद घातला नाही. विचारलं, "रात्री दहाला घराबाहेर पडून कामाला लागलेली बाई सहाला सुटली. किती तास झाले?"

"आठ."

"तुम्हीसुद्धा नापास. स्क्रीन म्हणतं उणे सोळा."

तिने साधन उघडलं. मी सांगितलं तशी नुसती वजाबाकी लिहिली, बावीस आणि सहा घातले. आकडा बघितला. मग ठकीचा प्रोग्रॅम काढून त्यात तेच घातले. नंतर वर्गाची यादी उघडून चौदाव्या धड्यावर कोणकोण अडलंय ते बघायला लागली. चौतिसातली पाच. पाचांनाही पाचपैकी चार.

ती बोट ठेवत गेली आणि आवाज बारीक होत गेला. "याचे वडील बेकरीत, रात्रीच्या भट्टीवर. हिची आई विमानतळावर सफाईला. याचे वडील पहारेकरी. हा… याची मोठी बहीण फोनवर कॉल घेते, रात्रीचं काम. आणि तुमची नात."

पाचांच्या पाच. ज्यांच्या घरात कुणीतरी सकाळी दमून परत येतं तेवढीच. बाकीच्या एकोणतिसांना प्रश्न पडलाच नाही, म्हणून ती हुशार. यांना पडला, यांनी सोडवलाही, म्हणून ही कच्ची. असल्या गोष्टीवर माणसाने ओरडावं की काय करावं मला कळेना.

उद्याची यादी तयार होती. पाचांपैकी एकही तिच्यात नव्हता. शिक्षिकेने ती घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकली. "चौदावा धडा सगळ्यांचाच बाजूला काढते," म्हणाली. "पुन्हा मोजते. मुख्याध्यापकांनी विचारलं तर हा प्रश्न त्यांनाच घालीन."

शुक्रवार, २८

यादी लागली. पाचांपैकी तिघं आली. ठकी चौथी आहे. पहारेकऱ्याचा मुलगा पहिला.

दारातूनच ओरडत आली. हे म्हणाले, "चौथीच? पुढची तिघं कोण शहाणी?" तर तिने तिघांचीही पूर्ण माहिती दिली.

मला आनंद झाला, पण राग गेला नाही. ही एक शाळा झाली. बाकीच्या शाळांत कोण जाऊन विचारणार, किती तास झाले म्हणून? तिथल्या पोरांनी आतापर्यंत मान्यही केलं असेल की आपलं डोकं तसलं नाही.

शनिवार, ५

काल संध्याकाळी कंपनीचं पत्र आलं. ‘आपण गोपनीयतेच्या अटीचा भंग केला आहे. तसेच, आपली कामगिरी पाहता आपण आता नवशिक्या राहिलेल्या नाहीत. सबब आपल्या सेवेची आवश्यकता उरलेली नाही.’

म्हणजे अडाणी असण्याच्या नोकरीतूनही मला काढलं. ह्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "याला चौकट करून आणतो. आख्ख्या घराण्यात असलं सर्टिफिकेट कुणाकडे नाही."

पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलने, घाईत लिहिलेलं होतं: ‘सिस्टर, सगळ्या शाळांना मी स्वतः कळवलं आहे. धडा दुरुस्त झाला. उत्तर आठ. मीही या महिन्यापुरतीच आहे इथे. चिठ्ठीवर ती ओळ मी खोडायला नको होती.’ नाव नाही. तिचं नाव मी कधी विचारलंच नाही, तीन आठवडे नुसती चष्मेवाली म्हणत राहिले. नाव-पत्ता विचारायला सोमवारी कंपनीच्या दाराशी जाऊन उभी राहणार. आत घेतलं नाही तरी फुटपाथ काही त्यांचा नाही.

आज सकाळी मी आणि ठकी पत्राच्या कोऱ्या भागावर हिशोब मांडत बसलो होतो, जास्त वेळा कोण चुकलं याचा. माझे बावन्न, तिचे एक्केचाळीस. "तू जिंकलीस," ती म्हणाली, जरा नाराजीनेच.

तेवढ्यात लेक रात्रपाळीवरून आली. चपला काढता काढता भिंतीला टेकली. म्हणाली, "आई, चहा टाक गं. एक मिनिट बसायला मिळालं नाही. सोळा तास उभी असल्यासारखं वाटतंय."

ठकीने मान वर केली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "उणे की अधिक?"

लेकीला काही कळेना. आम्ही तिघं इतके हसलो की तिला वाटलं आम्ही तिलाच हसतो आहोत, आणि बिचारी रागावली. मग ठकीने तिला खुर्चीत बसवलं, कागद पुढे घेतला आणि पहिल्या ओळीपासून सगळं समजावून सांगायला लागली. लेक अर्ध्यात झोपेल असं मला वाटलं होतं. ती झोपली नाही. शेवटपर्यंत ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं, "हे कुणी लिहिलं होतं? त्याला एक रात्र माझ्या वॉर्डात पाठव."